जुन्या निकॉन लेन्स मिररलेसवर लावल्या, त्याचा सगळा अनुभव

गणपतीच्या आधी सेकंडहॅन्ड सोनी ए६४०० हा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा घेतला, नुसती बॉडी, कारण लेन्ससकट घ्यायचा तर बजेट पार हाताबाहेर जात होतं आणि माझं आधीपासूनच ठरलं होतं की कपाटातल्या जुन्या लेन्स वापरायच्या. माझ्याकडे निकॉनची ५० एमएम एफ/१.८ आहे, १९९९ साली मुंबईला फोर्टात दुकानं पालथी घालून सेकंडहॅन्डच घेतलेली, तेव्हा माझ्याकडे निकॉनचा एफएम१० हा फिल्म कॅमेरा होता. दुसरी मायक्रो निक्कोर ५५ एमएम एफ/२.८, ती इथे साताऱ्यात एक स्टुडिओ बंद झाला तेव्हा मिळाली. पुढे रोल धुऊन देणारे एकेक करून बंद झाले, कॅमेरा पडून राहिला, पण लेन्स मी दर पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या बदलून जपल्या, मोबाईलवर फोटो काढायला लागल्यावरसुद्धा. फोकसची रिंग हाताने फिरवायची सवय ज्याला आहे त्याला कळेल मी काय म्हणतेय.

आता या लेन्स सोनीवर बसतातच कशा, हे आधी सांगते, कारण पुढचा सगळा घोळ त्यातच आहे. प्रत्येक माउंटचं, म्हणजे लेन्स अडकवायच्या खाचेचं, एक अंतर ठरलेलं असतं, लेन्स जिथे टेकते त्या रिंगपासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचं. निकॉनचा एफ माउंट १९५९ चा, त्याचं अंतर ४६.५ मिलिमीटर, कारण मध्ये आरसा वरखाली व्हायला जागा लागायची. मिररलेसमध्ये आरसाच नाही, त्यामुळे सोनीच्या ई माउंटचं अंतर फक्त १८ मिलिमीटर. म्हणजे मध्ये २८.५ मिलिमीटर जागा रिकामी राहते आणि तेवढ्याच जाडीची पोकळ नळी लावली की लेन्सला वाटतं आपण निकॉनवरच बसलोय. ती नळी म्हणजेच अ‍ॅडॉप्टर, आत काच नाही, वायर नाही, काही नाही. मिररलेसवर जवळजवळ कुठलीही जुनी एसएलआरची (आरशाच्या कॅमेऱ्याची) लेन्स चालते ती याच कारणाने. निकॉनच्या डीएसएलआरवर एम४२ चुडीची (आटे फिरवून बसवायची) लेन्स लावायची म्हटलं तर एम४२ चं अंतर ४५.४६, म्हणजे निकॉनपेक्षा कमी, मग लांबचं फोकस मिळवायला अ‍ॅडॉप्टरमध्ये काच घालावी लागते आणि ती बहुतेक वेळा फोटो बिघडवते.

तर मी ऑनलाइन सर्वात स्वस्तातला अ‍ॅडॉप्टर मागवला, हजार रुपयांच्या आत. आला, बसवला, शटर दाबलं, काहीच नाही. स्क्रीनवर लेन्स ओळखता येत नाही अशा अर्थाचा मेसेज. क्षणभर पोटात गोळाच आला. पण कॅमेऱ्याला खरंच माहीत नसतं की पुढे लेन्स आहे, कारण या अ‍ॅडॉप्टरला इलेक्ट्रिक कॉन्टॅक्टच नाहीत. मेनूमध्ये 'रिलीज विदाउट लेन्स' असा एक ऑप्शन आहे तो चालू केला की झालं. फुजीमध्ये त्याचं नाव 'शूट विदाउट लेन्स'. नवीन कोणी हे करत असेल तर पहिलं काम हे.

मग मोड ए वर ठेवला, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश येण्याचं छिद्र, एफचा आकडा मोठा तितकं ते लहान) लेन्सच्या रिंगने बदलायचं आणि शटर स्पीड कॅमेरा ठरवतो. हे इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. एफएम१० वर प्रीव्ह्यूचा खटका दाबला की फाइंडरमध्ये अंधार व्हायचा, इथे एफ/८ केलं तरी ईव्हीएफ (फाइंडरमधला छोटा स्क्रीन) आपोआप उजेड वाढवून दाखवतो आणि किती शार्प येणार तेही समोरच दिसतं. फोटोच्या माहितीत मात्र अ‍ॅपर्चर आणि फोकल लेन्थ (लेन्सचा एमएममधला आकडा) येत नाही, ते लक्षात ठेवायचं किंवा लिहून ठेवायचं, मी एक छोटी वही केलीये. या बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही आणि एपीएस-सी, म्हणजे फिल्मच्या फ्रेमपेक्षा लहान, सेन्सरमुळे ५० एमएम म्हणजे जवळपास ७५ सारखी लागते, त्यामुळे मी ऑटो आयएसओ लावून कमीत कमी शटर स्पीड १/१२५ करून ठेवला. घरात माणसं काढायला ही लेन्स जरा लांब पडते हे खरंय, आमच्या हॉलमध्ये तर भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागतं.

फोकस पीकिंगवर मी पहिले आठ दिवस आंधळेपणाने विश्वास ठेवला आणि दीडएकशे फोटो वाया गेले. पीकिंग म्हणजे जिथे कडा शार्प आहेत तिथे रंगीत रेषा दिसतात. एफ/१.८ ला जवळचा चेहरा असेल तर डोळा, भुवई आणि कानाजवळची बट तिन्ही लाल दिसतात, प्रत्यक्षात फोकस बटेवर असतो. आता पीकिंग 'लो' वर ठेवते, त्याने साधारण कुठे आहोत ते कळतं, आणि मग सी१ बटणावर मॅग्निफायर (चित्र मोठं करून दाखवणारा) ठेवलाय तो दाबून पापणीचे केस सुटे दिसेपर्यंत रिंग फिरवते. रंगाचंही बघा, दसऱ्याला मंडईत झेंडूच्या ढिगांचे फोटो काढत होते आणि केशरी फुलांवर लाल पीकिंग काही केल्या दिसेना, रंग बदलला तेव्हा कुठे दिसलं.

आता मुख्य गोष्ट. आमच्या गच्चीवरून अजिंक्यतारा समोर दिसतो. एका संध्याकाळी पाऊस थांबून हवा धुतल्यासारखी स्वच्छ झाली होती, म्हणून ५० लावून गच्चीवर गेले, रिंग इन्फिनिटीला (सर्वात लांबच्या फोकसला) टेकवली आणि क्लिक. कॉम्प्युटरवर उघडलं तर किल्ल्याची तटबंदी साबणाच्या पाण्यातून बघितल्यासारखी. आधी वाटलं लेन्समध्ये बुरशी धरली, टॉर्च मारून बघितली तर लेन्स स्वच्छ. मग वाटलं माझा हात हलला, ट्रायपॉडवर लावून परत काढला, तसाच. फोटो नीट न्याहाळताना शेजारच्यांच्या गच्चीवरच्या काळ्या टाकीकडे लक्ष गेलं, तिच्यावरची अक्षरं सुद्धा सुरेख वाचता येत होती. टाकी आमच्यापासून साधारण वीस मीटरवर. म्हणजे रिंग इन्फिनिटीला पूर्ण टेकलेली असताना लेन्स फोकस करत होती वीस मीटरवर, त्याच्या पुढचं सगळं मऊ.

मुलाच्या इंजिनिअरिंगच्या सामानात डिजिटल व्हर्निअर होता तो काढला आणि अ‍ॅडॉप्टरची जाडी चार ठिकाणी मोजली. २८.६२, २८.६०, २८.६३, २८.६२. हवी होती २८.५०. फरक फक्त ०.१२ मिलिमीटर. मला आधी खरंच वाटेना की एवढ्याने काही होत असेल, पण हिशोब केला. फोकल लेन्थचा वर्ग करायचा आणि जाडीतल्या फरकाने भागायचं, ५० गुणिले ५० म्हणजे २५००, भागिले ०.१२, उत्तर आलं साधारण २०८०० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ २१ मीटर. टाकी बरोब्बर तिथेच! अंगावर काटा आला अक्षरशः, कागदावरचा आकडा आणि समोरची टाकी जुळल्यावर. हाच अ‍ॅडॉप्टर २८ एमएम लेन्सला लावला तर हेच अंतर साडेसहा मीटरवर येतं, म्हणजे वाइड लेन्सने लँडस्केप काढणं संपलंच. लेन्स जितकी वाइड तितका अ‍ॅडॉप्टर अचूक लागतो. पोर्ट्रेट काढणाऱ्याला हा दोष वर्षानुवर्षं कळणार सुद्धा नाही, आणि एफ/८ ला ठेवलं तर बरंचसं झाकलं जातं, म्हणून खूप जण 'जुनी लेन्स सॉफ्ट असते' असं म्हणून सोडून देतात. मला या वाक्याचा आता राग येतो, बिचाऱ्या लेन्सचा काहीही दोष नसतो.

जाडी कमी असेल तर चालतं. बरेच अ‍ॅडॉप्टर मुद्दाम किंचित पातळच बनवतात, त्यात लेन्स इन्फिनिटीच्या थोडी पलीकडे जाते, मग रिंग टोकाला न टेकवता जरा अलीकडे थांबायचं एवढंच. जाड असेल तर मात्र इलाज नाही, रिंग पुढे फिरणारच नाही. विक्रेत्याला कळवलं तर त्याचं उत्तर, लेन्स बसतेय ना, मग प्रॉडक्ट ओके आहे. परत घ्यायची मुदतही संपलेली.

मग मी अ‍ॅडॉप्टर खिशात घालून एमआयडीसीत गेले. तिथे आमच्या ओळखीतले एक लेथवाले काका आहेत, वय साठीच्या पुढे, छोटं शेड, दोन लेथ. त्यांना सांगितलं की सोनीच्या बाजूची स्टीलची रिंग चार स्क्रूंनी बसवलीये, ती काढल्यावर खाली अ‍ॅल्युमिनियमची जी कड आहे ती ०.१५ ने खाली घ्यायचीये. काकांनी अ‍ॅडॉप्टर हातात फिरवला, उजेडाला धरला आणि म्हणाले, "ताई, काढायचं दोन केसाएवढं आन् जॉब धरायलाच अर्धा तास जायचा बघा." आणि खरंच तसंच झालं. नळी पातळ, चकमध्ये (लेथच्या पकडीत) नुसती आवळली तर चेपणार, म्हणून त्यांनी आधी नायलॉनचा एक गोळा त्या नळीच्या आतल्या मापाचा टर्न करून घेतला, नळी त्यावर हलक्या हाताने बसवली, मग डायल लावून बघितला, काटा हलतोय म्हटल्यावर लाकडी हातोडीने टिचकी मारल्यासारखं करत करत सरळ केला. प्रत्यक्ष फेसिंग, म्हणजे कड सपाट कापणं, मिनिटभराचं. तीन हलके कट, अ‍ॅल्युमिनियमची केसासारखी वळलेली चकचकीत जाळी खाली पडली. नळी काढून त्यांनी अंगठ्याने कडेवरून हात फिरवला आणि मगच माझ्याकडे दिली. रिंग परत बसवून मोजलं तर चारही ठिकाणी २८.४६ आणि २८.४७ च्या मध्ये. पैसे घेईनात, फार आग्रह केल्यावर शंभर घेतले. तिथेच कॅमेऱ्यावर लावला, रस्त्याच्या टोकाच्या डोंगरावर फोकस केला आणि रिंग टोकाच्या किंचित अलीकडे असतानाच डोंगरावरची झाडं टकटकीत! मग काकांचाच फोटो काढला, एफ/२.८ ला, लेथच्या हँडलवर हात ठेवून उभे, चष्म्यावर धातूचा एक कण चिकटलेला तोही फोटोत दिसतोय.

एक मात्र सांगते, हे करताना कड तिरकी घासली गेली तर फोटोची एक बाजू शार्प आणि दुसरी मऊ येईल, त्यामुळे घरी पॉलिश पेपरवर घासायचा उद्योग करू नका.

फोकसचा प्रश्न सुटला तरी एक दुखणं राहिलंच होतं. खिडकीसमोर किंवा उन्हाकडे तोंड करून फोटो काढला की मधोमध एक फिकट पांढुरका डाग, काळा रंग राखाडी यायचा. अ‍ॅडॉप्टर काढून आत मोबाईलचा टॉर्च मारला तर आतली भिंत चांगली चमकत होती, नावाला काळा रंग. एपीएस-सी सेन्सर लहान असल्यामुळे लेन्समधून येणारा बराचसा प्रकाश सेन्सरच्या बाहेर या भिंतीवर पडतो आणि तिथून उडून परत सेन्सरवर येतो. उपाय सोपा, स्टेशनरीच्या दुकानात मागे गोंद असलेला काळा मखमली कागद मिळतो, त्याची पट्टी मापाने कापून आतून चिकटवली. पट्टीच्या कापलेल्या कडांमधून तंतू सुटतात आणि ते सेन्सरवर जाऊन बसतात म्हणून कडांना फेव्हिकॉलचं बारीक बोट फिरवून एक रात्र वाळवलं. फरक इतका पडला की मी आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवून घरातल्या प्रत्येकाला दाखवला.

सप्टेंबरच्या शेवटी कासला गेले मायक्रो ५५ घेऊन. या लेन्सच्या अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर जुनं तेल उतरलंय, इतकी वर्षं पडून राहिल्यामुळे, आणि फिल्म कॅमेऱ्यावर ती त्यामुळे निकामी झाली असती, कारण तिथे शटर उघडायच्या क्षणी पाती झटक्यात बंद व्हायला लागतात. अ‍ॅडॉप्टरवर तसं काही नसतं, मी रिंग एफ/८ ला फिरवते, पाती सावकाश, आळस दिल्यासारखी बंद होतात, मग मी फोटो काढते. निकामी म्हणून बाजूला पडलेली लेन्स मिररलेसवर पुन्हा कामाला लागते ही मला या सगळ्यातली सर्वात आवडलेली गोष्ट आहे. सीतेच्या आसवांचे ताटवे सगळे काढतात, मी पालथी पडून दवबिंदूच्या मागे लागले, ती इवलीशी कीटकभक्षी वनस्पती, पानांवरच्या केसांच्या टोकाला चिकट थेंब. तिथे रिंगने फोकस करत बसलं की वारा सगळं बिघडवतो, म्हणून रिंग एका जागी ठेवून कॅमेराच श्वास रोखून पुढेमागे करायचा, मॅग्निफायरमध्ये थेंब चमकला की क्लिक. पस्तीस फोटोंत चार चांगले आले, त्यातल्या एकात थेंबाला चिकटलेला मच्छराएवढा किडा आणि त्याचे पाय मोजता येतात.

मधल्या काळात एका मैत्रिणीने तिची निकॉनची ३५ एमएम एफ/१.८ जी लेन्स आणली की माझीपण लावून बघ. लावली तर सगळं अंधारलेलं. जी प्रकारच्या लेन्सला अ‍ॅपर्चरची रिंगच नसते, बॉडीवरून काढली की पाती पूर्ण बंद होऊन बसतात, त्यांना अ‍ॅडॉप्टरवरच रिंग असलेला वेगळा प्रकार लागतो, त्या रिंगवर आकडे नसतात, अंदाजानेच फिरवायचं. एम४२ वाल्यांचीही एक भानगड असते, काही लेन्सच्या मागे एक पिन असते, ती दाबली गेली तरच पाती बंद होतात, ऑटो-मॅन्युअलचा खटका नसेल तर आत पट्टी असलेला, पिन दाबणारा अ‍ॅडॉप्टर मागून घ्यावा. आणि निकॉनचीच झेड बॉडी (त्यांचा मिररलेस) घेणाऱ्यांनी एक लक्षात घ्या, एफटीझेड अ‍ॅडॉप्टरमध्ये मोटर नाही, त्यामुळे जुन्या एएफ-डी (बॉडीतल्या मोटरवर फोकस करणाऱ्या) लेन्सचा ऑटोफोकस त्यावर चालत नाही, हातानेच करावा लागतो.

दिवाळीनंतर मी ज्या कामासाठी हे सगळं मनात धरलं होतं ते सुरू केलं, एफएम१० च्या काळातल्या निगेटिव्ह कॅमेऱ्याने स्कॅन करणं. आणि इथे ती जाडीच कामाला आली, उलट्या बाजूने. फ्रेम ३६ बाय २४ मिलिमीटरची, माझा सेन्सर २३.५ बाय १५.६, म्हणजे लेन्सने साधारण ०.६५ पट मोठेपणा द्यायला हवा, आणि मायक्रो ५५ जास्तीत जास्त अर्ध्या पटीपर्यंत जाते. मग अ‍ॅडॉप्टर आणि बॉडीच्या मध्ये १० मिलिमीटरची एक्स्टेन्शन ट्यूब (आणखी एक पोकळ नळी) घातली. गच्चीवर ज्या दशांश मिलिमीटरने रडवलं होतं तिथे आता मुद्दाम दहा मिलिमीटर वाढवले आणि फ्रेम सेन्सरभर आली, रिंग थोडी मागे घेतल्यावर चारही कडा आत. इन्फिनिटी अर्थातच गेली, पण इथे ती कोणाला हवीये.

सेटअप घरगुतीच आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर खाली तोंड करून, खाली एलईडी पॅनल, त्यावर दुधी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा, त्यावर निगेटिव्ह. कॅमेरा आणि निगेटिव्ह समांतर आहेत का हे बघायला निगेटिव्हच्या जागी एक छोटा आरसा ठेवायचा आणि मॅग्निफायरमध्ये लेन्सचं स्वतःचंच प्रतिबिंब बरोबर मधोमध येईपर्यंत कॅमेरा हलवायचा, हे एकदा जमलं की चारही कोपऱ्यांत फिल्मचा ग्रेन (बारीक कण) दिसतो. एफ/८, दोन सेकंदांचा टायमर, खोलीतला दिवा बंद. पहिल्याच दिवशी एसटी स्टँडवरचा आईचा फोटो निघाला, वडूजच्या गाडीची वाट बघताना, हातात पिशवी आणि पिशवीतून डोकावणारं कढीपत्त्याचं रोप. १९९९ चाच, या ५० ने काढलेल्या पहिल्या रोलमधला. त्या वेळच्या पोस्टकार्ड प्रिंटमध्ये ते रोप दिसतच नव्हतं, नुसता काळा ठिपका होता.

लेथवाल्या काकांना त्यांचा फोटो प्रिंट करून द्यायला गेले होते तेव्हा हे बोलता बोलता सांगितलं. ते काही बोलले नाहीत. परवा मुलाच्या हाती बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा पाठवलाय, आत त्यांच्या लग्नाच्या निगेटिव्ह, १९८४ सालच्या, सगळ्या १२० च्या (रुंद रोलच्या), चौकोनी. बऱ्याचशा दमटपणाने एकमेकींना चिकटल्यात, त्या ओढून काढायच्या नाहीत, डिस्टिल्ड पाण्यात भिजत ठेवून आपोआप सुट्या होऊ द्यायच्या. फ्रेम मोठी असल्यामुळे ट्यूब काढून टाकेन, ५५ एकटीच पुरते. रविवारी सकाळी बसणार आहे, पाणी आणून ठेवलंय.